‘उपयोग काय?’ : एका मोठ्या संख्येच्या निमित्ताने

मागच्या सत्रातली गोष्ट. एके दिवशी इंग्रजीचा तास होणार नव्हता, म्हणून अर्थशास्त्राचे सर वर्गावर आले. आम्हां द्वितीय वर्षाच्या मुलांपैकी निम्म्यांचे डोळे दाराकडे लागलेले. सरांनी हजेरी घेतली नाही की पुस्तक उघडले नाही. खडू उचलून त्यांनी फळ्यावर लिहिले :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

“पुढचं तुम्ही सांगा,” ते म्हणाले. कुणीतरी सांगितले. मग आणखी कुणीतरी. होता होता नऊ एकांपर्यंत मजल गेली आणि फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक संख्या उभी राहिली :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढत जायचे आणि तसेच पायरी पायरीने उतरून पुन्हा एकाशी यायचे. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच. वर्ग क्षणभर गप्प झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, याचा उपयोग काय?” सारा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. सरसुद्धा हसले, आणि त्यांनी फळा पुसून टाकला.

मित्रहो, हा लेख मी त्या हसण्याबद्दल लिहीत आहे. हसणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ‘उपयोग काय?’ हा प्रश्न आपण ज्या संख्येला विचारून हसलो, तोच प्रश्न बाहेरचे जग आपल्याला, म्हणजे कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना, रोज विचारते. मी आर्ट्‌सला प्रवेश घेतला तेव्हा गावातल्या चावडीवर हाच प्रश्न झाला होता. “बी. ए. करून काय उपयोग?” तेव्हा तो मला झोंबला होता. मग वर्गात मला हसू का आले?

माझी आधीच कबुली देतो. दहावीला गणितात मला ३७ गुण होते. काठावर पास! शाळेत ‘असे का?’ म्हणून विचारले की ‘सूत्र पाठ कर, फार डोके लावू नकोस’ असे उत्तर मिळे. गणित आपल्यासाठी नाही, अशी मनाची समजूत घालून मी या शाखेत आलो. आपल्यातले पुष्कळजण याच वाटेने आले असतील. तेव्हा पुढे जे सांगतो ते काठावर पास झालेल्या माणसाचे गणित आहे, एवढे ध्यानात असू द्या.

त्या रात्री खोलीवर गेल्यावर मी ती संख्या पुन्हा वहीत मांडली. असे का होते हे पाहण्यासाठी लहान गुणाकार घेतला. १११ ला १११ ने गुणायचे म्हणजे १११ तीनदा लिहायचे, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून :

    १११
   १११०
  १११००
  ———
  १२३२१

कडेच्या घरात एकच एक, त्याच्या शेजारी दोन एक, मध्ये तीन एक, आणि मग पुन्हा दोन, एक. बस, एवढेच! नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ एक येतात. बेरीज नऊ. नऊ हा एकच अंक, म्हणून कुठल्याच घरात ‘हातचा’ राहत नाही. प्रत्येक घर आपापल्या जागी बसते आणि ती सुंदर कमान उभी राहते. यात जादू नाही. दुसरीतल्या मुलाला कळेल एवढे हे सोपे आहे. पण सोपे आहे म्हणून त्याची गोडी मात्र माझ्यापुरती कमी झाली नाही.

मग मला नादच लागला. वाचनालयातून गणिताची दोन जुनी पुस्तके काढली. या संख्येत १७ अंक आहेत. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतले सतरावे स्थान ‘मध्य’. आपल्या संख्येचा पहिला एक त्या ‘मध्य’वर बसतो; परार्धाला फक्त एक घर कमी.

तिचे अवयव पाडायला घेतले. १११११११११ हे ९ × ३७ × ३३३६६७ असे फुटते. ३७ ही मूळसंख्या आहे आणि ३३३६६७ हीसुद्धा मूळसंख्याच आहे. (३७ दिसल्यावर दहावीची गुणपत्रिका आठवून मला जरा हसू आले!) म्हणजे आपल्या मोठ्या संख्येत ३ चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. यावरून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या किती, ते मोजता येते. ३ घ्यायचा की नाही, घेतला तर किती वेळा, याचे पाच प्रकार. ३७ चे तीन. ३३३६६७ चे तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. एकूण विभाजक ४५. एकापासून नवापर्यंतच्या अंकांची बेरीजही ४५! हा निव्वळ योगायोग आहे, पण योगायोगानेही माणूस खूश होतोच की. या ४५ पैकी ४४ विभाजकांच्या बावीस जोड्या लागतात; जोडीतल्या दोघांचा गुणाकार केला की मूळ संख्या मिळते. उरतो एकटा १११११११११, त्याचा जोडीदार तो स्वतःच. म्हणून तर ही वर्गसंख्या.

आता तिच्या अंकांची बेरीज करा. चढताना ४५, उतरताना ३६, मिळून ८१. आणि या संख्येला ८१ ने भाग द्या. भाग नेमका जातो, बाकी शून्य, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. कारण आपल्या आजोबांना ठाऊक असलेला नवाचा ताळा. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ × ९ म्हणजे ८१ ने भाग गेलाच पाहिजे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला ‘हर्षद’ संख्या म्हणतात. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. हे नाव एका मराठी शिक्षकाने ठेवलेले आहे, हे मला त्याच पुस्तकातून कळले.

त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे, हा त्यांचा संसार. आपल्या या कमानदार संख्येच्या कुळाचे नावही त्यांनीच ठेवले : ‘डेम्लो’ संख्या. डेम्लो हे काही ग्रीक अक्षर नव्हे. जी. आय. पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकाचे ते तेव्हाचे नाव. कल्पना तिथे सुचली, म्हणून संख्येला स्थानकाचे नाव! आणखी एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे, म्हणजे देवळालीचे नाव दिले. साऱ्याच डेम्लो संख्या हर्षद नसतात. १२१ ची बेरीज ४, आणि ४ ने १२१ ला भाग जात नाही. आपली सतरा अंकी संख्या मात्र डेम्लोही आहे आणि हर्षदही.

कापरेकरांचे काम पुष्कळ वर्षे आपल्याकडे कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ या संख्येला सारे जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणते. देवळालीच्या शाळेत त्यांना ‘उपयोग काय?’ हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० साली आपल्या एका पुस्तकात अशा अंकांच्या गमतींना किरकोळ ठरवले आहे. कोड्याच्या सदरात शोभतील, पण खऱ्या गणितज्ञाला त्यांत फारसे काही नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि त्यात तथ्य आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण आपल्याला दहा बोटे. मग ही कमान संख्येची की आपल्या बोटांची?

या आक्षेपाने मी दोन दिवस बेचैन होतो. मग असे केले. समजा, आपल्याला आठच बोटे असती. मग सातापर्यंत अंक असते आणि आठ लिहायला आपण ‘१०’ लिहिले असते. या लिहिण्यात सात एकांना सात एकांनी गुणा. मधल्या घरात सात एक येतात, सात हा तिथला सर्वांत मोठा अंक, म्हणून हातचा राहत नाही. उत्तर १२३४५६७६५४३२१. कमान पुन्हा उभी! अंकांची बेरीज ४९, म्हणजे सात साते. आठाच्या मोजणीत नवाऐवजी साताचा ताळा चालतो, म्हणून ४९ ने भागही जातो. पाच बोटे घ्या, बारा घ्या, दर वेळी सर्वांत मोठ्या अंकाइतके एक मांडायचे. कमानही उभी राहते आणि हर्षदही टिकतो. बोटे बदलली तर फक्त लांबी बदलते. सर्वच अंक-गमतींबद्दल मी बोलत नाही, पण ही एवढी तरी केवळ बोटांची करामत नाही. हार्डींशी वाद घालणारा मी कोण? पण अर्थशास्त्राच्या सरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी पूर्ण वाचली आणि “बरोबर आहे” म्हणून खाली सही केली. ती सही मी जपून ठेवली आहे.

आता घरची गोष्ट. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णांना सहीपलीकडे लिहिता येत नाही, पण मोजणीत त्यांना कुणी फसवू शकत नाही. ट्रक भरताना दर गोणीला ते फाळक्यावर खडूची एक उभी रेघ ओढतात. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. मुनीमजींच्या वहीत आणि अण्णांच्या रेघांत फरक पडला की ट्रक पुन्हा मोजतात, आणि बहुधा वहीच दुरुस्त होते. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जातो.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी त्यांना ती संख्या दाखवली. नऊ उभ्या रेघा काढल्या, म्हटले, हे नऊ एक. त्यांना त्यांनीच गुणले की असे होते. अण्णांनी बोट ठेवत अंक वाचले. शेवटचा एक आला तशी मान हलवली. मग विचारले, “आन् ह्याचं काय करायचं?”

पुन्हा तोच प्रश्न! पण या वेळी मला हसू आले नाही आणि रागही आला नाही. दिवसभर पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माणसाने विचारले तर त्या प्रश्नाला अर्थ आहे. माझ्या एका वर्षाच्या शिक्षणासाठी किती रेघा ओढाव्या लागतात, हे त्यांना माहीत आहे. मी एवढेच म्हणालो, “काही नाही. बघायचं.” ते काही बोलले नाहीत. पाणी प्यायले, चूळ भरली. बऱ्याच वेळाने, मी वही मिटत असताना, म्हणाले, “आन् धा रेघा वढल्या तर रं?”

दहा रेघा! हे मला तोवर सुचलेच नव्हते. कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली आम्ही दोघांनी तो गुणाकार मांडला. मधल्या घरात दहा एक आले. दहा म्हणजे शून्य, आणि हातचा एक. तो हातचा डावीकडच्या नवावर चढला, तिथेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठावर चढला, आठाचे नऊ झाले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये, कमान मोडलेली. अंकही १९, भास्कराचार्यांच्या अठरा स्थानांच्या रांगेत आता ती मावत नाही. अण्णा म्हणाले, “म्हंजी नवाच्या म्होरं न्हाई जमत.” आणि जेवायला उठले.

मला वाटते, माझे सारे म्हणणे त्यांच्या त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘काय करायचं?’ हा पहिला प्रश्न त्यांच्या पोटाने विचारला होता. त्याचा मी अनादर करीत नाही. पण ‘दहा रेघा ओढल्या तर?’ हा प्रश्न कुठून आला? त्याच्या उत्तरावर त्यांना एक रुपयाही मिळणार नव्हता. तरी तो त्यांना पडला, आणि पडल्याशिवाय राहवले नाही. म्हणजे निरुपयोगी कुतूहल ही भरल्या पोटाच्या लोकांची मिरास आहे, असे जे आपण धरून चालतो ते खोटे आहे. कुतूहल सर्वांनाच आहे. ते बाळगायची सवड आणि परवानगी मात्र सर्वांना नाही. आणि ज्यांच्या घरात ही सवड पहिल्यांदाच आली आहे, अशा आपण मुलांनीच जर वर्गात ‘उपयोग काय?’ म्हणून हसायचे, तर मग ही सवड आपल्याला मिळवून देणाऱ्यांशी आपण काय वागतो आहोत?

कुणी म्हणेल, अरे, संख्यांचा उपयोग आहे की! हे खरे आहे. हार्डींना संख्याशास्त्राचा व्यवहारात काही उपयोग नाही याचा अभिमान वाटे. पण १९७७ साली मोठ्या संख्यांचे मूळ अवयव पाडणे अवघड असते या एका गोष्टीवर गुप्तलेखनाची एक पद्धत उभी राहिली, आणि पुढे बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवायला अशा पद्धती कामी आल्या. हा मुद्दा वापरून मला वाद जिंकता येईल. पण मला तो तसा जिंकायचा नाही. कारण मग पुन्हा उपयोगाचा दाखला जोडल्याशिवाय कशालाच प्रवेश नाही, हा नियम मी मान्य केल्यासारखे होईल. उद्या तोच दाखला ज्ञानेश्वरीला मागतील, इतिहासाला मागतील, तुमच्या-माझ्या बी. ए. ला मागतील. आपण कलाशाखेवाल्यांनी तरी हा नियम मान्य करू नये.

प्राध्यापकवर्गालाही, क्षमा मागून, एक विनंती आहे. त्या दिवशी सरांनी फळा पुसला नसता तर बरे झाले असते. आमच्या हसण्याने त्यांनी माघार घेऊ नये. वाचनालयाच्या बाहेर नोटीसफलक आहे. त्यावर परीक्षेचे वेळापत्रक आणि फी भरण्याच्या तारखा लागतात. त्याच्या एका कोपऱ्यात दर सोमवारी एक कोडे, एक संख्या, एक शब्दाची व्युत्पत्ती, जे परीक्षेला येणार नाही असे काहीतरी लिहिले जावे. खडू मी आणीन. उत्तर शोधणाऱ्याला बक्षीस नको, गुणही नकोत.

पहिल्या सोमवारसाठी माझ्याकडे एक प्रश्न तयार आहे. नऊ रेघांनी कमान उभी राहिली, दहा रेघांनी मोडली. अकरा रेघा ओढल्या तर मध्ये काय होईल? मी अजून करून पाहिलेले नाही. अण्णांना विचारले आहे; ते म्हणाले, “आदी तू सांग.”

— द्वितीय वर्ष, कला